बँडचा एकमेव नंबर वन, आणि क्रेडिटमध्ये बँडमधल्या एकाचंही नाव नाही? हे कसं काय?

कॅसेटची_गुंडाळी

मंडळी, बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. गेले दोन आठवडे चीप ट्रिक या अमेरिकन रॉक बँडचं पारायण चाललंय माझं. आधी ॲट बुडोकान, मग सत्तरच्या दशकातले स्टुडिओ अल्बम, आणि जिथे बघावं तिथे गाणं लिहिणारा रिक नील्सन. सरेंडर त्याचं, ड्रीम पोलीस त्याचं, आय वॉन्ट यू टू वॉन्ट मी पण त्याचंच. म्हटलं ठीके, गिटारवाला लिहितो, बाकीचे वाजवतात, झँडर गातो, चाललंय छान.

मग काल १९८८ च्या लॅप ऑफ लक्झरीवर आलो. त्यातलं द फ्लेम हे यांचं अमेरिकेतलं एकमेव नंबर वन, ॲपमध्ये क्रेडिट उघडतो तर बॉब मिचेल आणि निक ग्रॅहम. हे कोण? बँडमध्ये तर नाहीत. परत परत बघितलं, वाटलं ॲपने घोळ घातला असेल, पण नाही, सगळीकडे तेच. ज्या बँडला दहा वर्षं स्वतःची गाणी लिहिता येत होती त्यांना नंबर वनसाठी परक्याचं गाणं का लागावं? लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, एवढी जबरदस्ती करू शकतं का? आणि त्या नंबर वनचे पैसे मग यांना मिळाले की त्या दोघांना? आणि विषय निघालाच आहे तर, चौघं मिळून गाणं उभं करतात तरी नाव एकाचंच का लागतं, ड्रमरने काय घोडं मारलंय?


बेसुरा_बेसिस्ट

ड्रमरने घोडं नाही मारलं, त्याने ठेका धरला, आणि ठेक्याला या धंद्यात सहसा गाण्याचा भाग धरत नाहीत, तिथेच सगळी बोंब आहे. (मी बेसवाला, मलाही नाही धरत.)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, मग बाकीचं आपोआप उलगडतं. एका ट्रॅकमध्ये दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे गाणं, म्हणजे शब्द आणि चाल, ते कागदावर लिहून ठेवलं तरी असतं. दुसरी म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात. गाणं लिहिणाऱ्याचं आणि त्याच्या पब्लिशरचं (म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचं), मास्टर बहुतेक वेळा लेबलचं. बँड म्हणून जे चार जण सही करतात त्यांना मास्टरच्या विक्रीतून ठरावीक टक्के मिळतात, पण मिळतात कधी, तर लेबलने दिलेली उचल, स्टुडिओचा खर्च, व्हिडिओच्या खर्चातला वाटा, हे सगळं त्यांच्याच टक्क्यांतून वसूल झाल्यावर. कित्येक बँडची ही वसुली कधी पूर्णच होत नाही.

लिहिणाऱ्याचं तसं नसतं. त्याला अमेरिकेत कायद्याने ठरलेला दर असतो, १९८८ मध्ये दर गाण्याला दर कॉपीमागे सव्वापाच सेंट होता, आता १२ च्या वर गेलाय, आणि हे पैसे साधारणपणे पहिल्या कॉपीपासून सुरू होतात, वसुली बिसुली काही नाही (करारात दोन्ही खाती एकत्र बांधली असतील तर वेगळं). म्हणजे एकाच व्हॅनमधून फिरणाऱ्या चौघांपैकी एकाला दर तिमाहीला चेक येतोय आणि तिघं अजून लेबलचे देणेकरी आहेत. आता सांग, त्या व्हॅनमध्ये किती दिवस हसतखेळत गप्पा होतील?

आणि रेडिओ. हे ऐकून मी खुर्चीतून पडलो होतो. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे फक्त लिहिणाऱ्याला नि पब्लिशरला मिळतात. गाणारा, वाजवणारे, लेबल, कुणाला दमडी नाही. सॅटेलाइट आणि इंटरनेटवाल्या रेडिओचे नियम वेगळे आहेत पण ८८ साली ते कुठे होतं. म्हणजे द फ्लेम त्या उन्हाळ्यात अमेरिकाभर दिवसरात्र वाजत होतं तेव्हा रॉबिन झँडरच्या आवाजाचे रेडिओकडून त्याला शून्य मिळत होते, आणि मिचेल-ग्रॅहम जोडीचं मीटर पळत होतं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं त्यात.


जुनी_सुई

लेबलला व्हिलन करायची घाई नको हां. मी लेबलवाला नाही, पण त्यांची पण बाजू असते.

१९८८ च्या आधी चीप ट्रिक कुठे होते बघा. बुडोकान ७९ मध्ये अमेरिकेत गाजला, तोही खरं तर जपानसाठी काढलेला अल्बम, इम्पोर्ट कॉप्या इतक्या खपायला लागल्या की त्यांच्या लेबलला, एपिकला, तो अमेरिकेत पण काढावा लागला. त्यानंतर ८० मध्ये बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन प्रोड्यूसर आणला, तरी पूर्वीसारखं जमलं नाही. त्याच साली बेसिस्ट टॉम पीटरसन सोडून गेला. मग उतरणच. ८६ चा द डॉक्टर हा अल्बम ऐकलाय का कुणी? मी ऐकलाय. परत नाही ऐकणार. आता लेबलने काय करायचं, नील्सन अजून लिहितोय म्हणून दरवर्षी पैसे ओतत बसायचं? त्यांनी सांगितलं बाहेरची गाणी घ्या, आणि पीटरसन पण परत आला, आणि बँड परत मोठ्या स्टेजवर गेला. गाणं नसतं घेतलं तर कॉन्ट्रॅक्ट गेलं असतं बहुतेक. २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेले, आजही दौरे चालू आहेत. दौऱ्याचं तिकीट विकलं जातं त्यात मिचेल आणि ग्रॅहमला किती जातं? परफॉर्मिंग राइट्सचा एक छोटा तुकडा, तोही शक्यतो हॉलवाले भरतात. बाकी तिकिटांच्या पैशांत त्या दोघांचा वाटा नाही.


कॅसेटची_गुंडाळी

पण मग नील्सनचं काय झालं असेल? स्वतः गीतकार असून दुसऱ्याचं वाजवायचं म्हणजे स्वयंपाक्याला बाहेरचा डबा वाढायला लावण्यासारखं आहे.


जुनी_सुई

बँडला ते गाणं सुरुवातीला रुचलं नव्हतं असं त्यांच्याबद्दल नेहमी लिहिलं जातं. पण एका दिवसात झालेलं नाही हे. ८५ च्या स्टँडिंग ऑन द एजच्या क्रेडिटमध्ये बघ, तिथेच मार्क रॅडिस म्हणून बाहेरचा माणूस दिसायला लागतो सहलेखक म्हणून. लॅप ऑफ लक्झरीमध्ये घोस्ट टाउन नील्सनने डायान वॉरनबरोबर लिहिलंय. म्हणजे आधी शेजारी माणूस बसवला, मग पूर्ण गाणंच बाहेरून आलं. आणि हे काय एकट्या यांचंच नव्हतं, तो काळच तसा होता. एरोस्मिथ बँडला गेफन लेबलच्या जॉन कॅलोडनरने डेझमंड चाइल्ड या बाहेरच्या गीतकाराबरोबर बसवलं, डूड आणि एंजल ही गाणी त्यातून आली. बॉन जोव्हीचं लिव्हिन ऑन अ प्रेअर पण चाइल्डबरोबरच लिहिलेलं. हार्ट बँडच्या विल्सन बहिणी स्वतः लिहिणाऱ्या, पण त्यांचे दोन्ही नंबर वन, धिस ड्रीम्स आणि अलोन, दोन्ही दुसऱ्यांनी लिहिलेले.


बेसुरा_बेसिस्ट

धीज ड्रीम्स. धिस नाही.

आणि एक महत्त्वाचं राहिलं, लेबलच्या करारात एक कलम असायचं, अजूनही असतं, की कलाकाराने स्वतः लिहिलेल्या गाण्यांना कायद्याच्या दराच्या पाऊणपटच मिळेल, आणि तेही अल्बममागे साधारण दहाच गाण्यांचे. बाहेरचा लेखक मात्र पूर्ण दर मागतो, त्याने कुठे सही केलीय त्या कलमावर. मग वरचा फरक कुणाच्या हिश्शातून कापायचा? बरोबर, बँडच्या. म्हणजे परक्याचं गाणं घेतलं की त्या जागेवरची आपली लेखकाची कमाई जाते आणि वर आपल्याच उरलेल्या गाण्यांतून पण थोडं कापलं जाऊ शकतं. जुनी_सुई तुम्ही म्हणता ते सगळं खरंय, फक्त लेबल "आम्ही तुमचं करिअर वाचवलं" म्हणतं तेव्हा त्याचं बिल कुणी भरलं हे पण बघा.


उगाच_एक

सगळे द फ्लेमवरच अडकलेत, त्याच अल्बमवरचं दुसरं हिट गाणं विसरलात राव. डोन्ट बी क्रूल. नंबर ४ पर्यंत गेलेलं. ते तर कव्हर, म्हणजे एल्विसचं जुनं गाणं परत गायलेलं.

आणि त्याचं क्रेडिट उघडून बघा, ओटिस ब्लॅकवेल आणि एल्विस प्रेस्ली. आता एल्विसने त्या गाण्याची एक ओळ पण लिहिलेली नाही. ब्लॅकवेलने एकट्याने लिहिलं, पण १९५६ मध्ये एल्विसच्या बाजूच्या लोकांची अटच होती, गाणं एल्विसला हवं असेल तर अर्धा हिस्सा नि नाव त्याचं. ब्लॅकवेलने हो म्हटलं, कारण एल्विसने गायलेल्या गाण्याचा अर्धा म्हणजे दुसऱ्या कुणी गायलेल्या गाण्याच्या पूर्णपेक्षा कितीतरी जास्त. हिशेब त्याचा चुकला नाही, गाणं जबरदस्त चाललं. पण बघा ना कसं आहे, ८८ साली चीप ट्रिकने ते गायलं तेव्हा एल्विसला जाऊन ११ वर्षं झाली होती तरी लेखक म्हणून हिस्सा त्याच्या वारसांकडे, आणि ज्यांनी घाम गाळून परत हिट केलं त्या चौघांना लेखक म्हणून काही नाही.

एकाच अल्बमवर दोन हिट, एकात न लिहिलेल्याचं नाव आहे, दुसऱ्यात लिहू शकणाऱ्यांचं नाव नाही. क्रेडिट म्हणजे "कुणी लिहिलं" याचं उत्तर असतं असं समजणं सोडून द्या, सही करताना कुणाची बाजू वरचढ होती ते त्यात दिसतं.

(ता.क. दॅट सेव्हन्टीज शोचं टायटल साँग पण चीप ट्रिकने गायलंय आणि ते पण बिग स्टार बँडच्या चिल्टन-बेलचं, यांनी फक्त शेवटी सरेंडरमधली आरोळी चिकटवली. नशीबच असलं त्यांचं.)


कॅसेटची_गुंडाळी

हे भारीच आहे, मला वाटलं होतं कव्हर म्हणजे सरळ मामला. बरं मग तिसरा प्रश्न कुणीच नीट घेतला नाही, चौघांनी समान वाटून घ्यावं की नको?


ढोलकं_नाही_ड्रम्स

घेतो मी. ड्रमर आहे, नावावरून कळलंच असेल.

आमचा चौघांचा बँड होता, आता नाही. आमच्यात एक जण शब्द आणि साधे कॉर्ड घेऊन यायचा आणि मग रूममध्ये चार-पाच तास आम्ही ते तोडायचो फोडायचो, कधी अख्खा वेग बदलायचा, कधी मधला तुकडा मी सुचवलेल्या ठेक्यावरून तयार व्हायचा. पहिलं गाणं नोंदवायची वेळ आली तेव्हा फॉर्मवर नाव कुणाचं टाकायचं यावर बोलायला सगळ्यांना लाज वाटली, मित्र ना सगळे, पैशांचं काय बोलायचं. म्हणून त्याने स्वतःचं टाकलं. त्यात त्याची चूक नाही, आमच्यापैकी कुणी काही बोललंच नाही. दोन वर्षांनी ते गाणं एका जाहिरातीला गेलं. पुढचं काय सांगायचं, आता आम्ही एकमेकांच्या लग्नाला जातो आणि संगीतावर बोलत नाही.

म्हणून मला आर.ई.एम.चं फार कौतुक आहे. बेरी, बक, मिल्स, स्टाइप, आडनावांच्या अक्षरक्रमाने, बेरी असेपर्यंत बँडच्या सगळ्या गाण्यांवर चौघं. ड्रमर बिल बेरी ९७ मध्ये गेला तो भांडून नाही गेला, उलट मी गेल्यामुळे बँड मोडणार असेल तर थांबतो म्हणाला. यू२ चं पण संगीत यू२ च्या नावावर. क्वीनचं बघा, ७५ मध्ये बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्या सिंगलच्या मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं आय एम इन लव्ह विथ माय कार होतं, आणि मागच्या बाजूला पण तेवढाच दर मिळतो, म्हणजे लोकांनी रेकॉर्ड घेतली फ्रेडीसाठी आणि टेलरला पण लेखक म्हणून तेवढेच पैसे. त्यावरून आपसात काय कुरबुर झाली असेल ती असो, ८९ च्या द मिरॅकलपासून मात्र त्यांनी सगळं क्वीनच्या नावावर टाकायला सुरुवात केली. आणि मग कुठलं गाणं सिंगल करायचं हा निर्णय गाण्याकडे बघून व्हायला लागतो, आपल्या खिशाकडे बघून नाही. माझं मत, समान वाटा, पहिल्या दिवसापासून.


बेसुरा_बेसिस्ट

ड्रम्सभाऊ वाईट वाटलं वाचून. पण समान वाटा हा रामबाण नाही, निर्वाणा बँडचं बघा, सुरुवातीला तिघांत समान होतं, नेव्हरमाइंड अल्बम फुटला (चांगल्या अर्थाने) आणि त्यांचा गायक कोबेनने हिशेब नव्याने मांडला, शब्दांचे सगळे आणि संगीताचे ७५ टक्के स्वतःला, तेही मागच्या तारखेपासून. आता खरं सांगा, त्याने एकट्याने लिहिली नव्हती का बहुतेक गाणी? लिहिली होती. मग तो चूक होता का? मला नाही सांगता येत. फक्त समान वाटा ठरवायचा असेल तर तो यश यायच्या आधी कागदावर पाहिजे, तोंडी ठरलेलं पहिल्या मोठ्या चेकला उडतं.

आणि ज्यांनी आधी बोललं नाही त्यांना कोर्टात जावं लागतं. प्रोकॉल हारम बँडच्या अ व्हाइटर शेड ऑफ पेल गाण्यातलं ऑर्गन, ते १९६७ चं, सगळ्यांना आधी तेच आठवतं, शब्द नंतर. मॅथ्यू फिशरने वाजवलं आणि त्याने २००५ मध्ये दावा केला, म्हणजे ३८ वर्षांनी. २००६ मध्ये कोर्टाने संगीताचा ४० टक्के हिस्सा दिला, अपिलात पैसे काढून घेतले, शेवटी २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने परत दिला. पण मागचे पैसे नाहीत, दावा केल्यापासून पुढचेच. पिंक फ्लॉइडच्या द ग्रेट गिग इन द स्कायमध्ये क्लेअर टॉरी जे ओरडते-रडते-गाते, त्याचे ७३ मध्ये तिला ३० पाउंड मिळाले होते, सेशनची फी. २००५ मध्ये समझोता झाला, आता तिचं नाव रिक राइटच्या शेजारी आहे.


जुनी_सुई

टॉरीचं मान्य, तिथे चालच तिची आहे. पण ड्रमरचा प्रत्येक फिल (मधला छोटा तुकडा) नि प्रत्येक बेसलाइन म्हणजे गाणं धरायला लागलो तर क्रेडिटची यादी सिनेमाच्या श्रेयनामावलीएवढी होईल.

आणि लेबलबद्दल माझ्या वरच्या बोलण्याला मीच थोडी पाचर मारतो. विल्को बँड. यांकी होटेल फॉक्सट्रॉट अल्बम तयार करून दिला, त्यांचं लेबल रिप्राइज म्हणालं हे नाही चालणार. बँड मास्टर घेऊन बाहेर पडला, २००१ मध्ये स्वतःच्या साइटवर फुकट ऐकायला टाकला, आणि २००२ मध्ये तो काढला कुणी तर नॉनसच या लेबलने. रिप्राइज पण वॉर्नरचं, नॉनसच पण वॉर्नरचं. एका खिशातून फेकला, दुसऱ्या खिशाने परत विकत घेतला, आणि तोपर्यंतचा त्यांचा सगळ्यात खपलेला अल्बम ठरला तो. त्यामुळे लेबलला गाण्यातलं कळतंच असं मी म्हणत नाहीये, पण पैसे त्यांचे लागलेले असतात.


ढोलकं_नाही_ड्रम्स

पैसे त्यांचे, आणि वसुली आमच्याकडून.


उगाच_एक

एक उलटा विचार डोक्यात आला, हाणून पाडा हवं तर. द फ्लेमसारखं बाहेरचं गाणं आलं की बँडमध्ये लेखक म्हणून सगळ्यांना सारखंच मिळतं, शून्य. दौऱ्याचे पैसे वाढतात ते मात्र सगळ्यांचे. म्हणजे नील्सनचं नुकसान सगळ्यात जास्त, आणि ड्रमर-बेसिस्टला परक्याचं हिट हे गिटारवाल्याच्या हिटपेक्षा कमी टोचत असेल की नाही? ड्रम्सभाऊ तुम्ही सांगा.


ढोलकं_नाही_ड्रम्स

वीस मिनिटं विचार केला यावर. हो. कमी टोचलं असतं. पण ते वाजवायला मजा पण कमी आली असती, माझा तो मधला तुकडा अजून कुठे लागला ना तर मी आवाज वाढवतो.


कॅसेटची_गुंडाळी

लोकहो खूप धन्यवाद, मी एक ओळीचं उत्तर येईल म्हणून विचारलं होतं. आता लॅप ऑफ लक्झरी क्रेडिट उघडे ठेवून पहिल्यापासून ऐकतोय, दर गाण्याला आधी ओळखायचा प्रयत्न करतोय की हे आतलं की बाहेरचं. घोस्ट टाउनला फसलो, मला पूर्ण बाहेरचं वाटलं. आणि ड्रम्सभाऊ, तुमचं ते जाहिरातीतलं गाणं कुठलं ते सांगणार का, की नको?


ढोलकं_नाही_ड्रम्स

नको. त्यावर माझं नाव नाहीये.